केळीतली नाव

नदीबद्दल हळवं होणाऱ्या माणसांचा मला जरा कंटाळाच आहे. बुऱ्हाणपुरात अशी माणसं पुष्कळ. चहाच्या टपरीवर बसून 'ताप्तीमैया' म्हणत डोळे ओले करतात आणि घरी जाताना निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी पुलावरून तिच्यातच भिरकावतात. मी शाळेत हिंदी शिकवते, घरी मराठी बोलते आणि चिडले की दोन्ही एकदम बोलते. पुलावर असं कुणी दिसलं की रिक्षा थांबवून दोन्ही भाषांत बोलून घेते. तेव्हा मी नदीवर काही लिहीन असं माझ्या घरच्यांनाही वाटलं नसतं, आणि हे खरं तर नदीवरचं नाहीच.

चैत्र संपत आला आहे. पेपर तपासून झालेत, निकाल लागायचा आहे, आणि लालबागेत डांगरांच्या हातगाड्या लागल्या आहेत. डांगर म्हणजे आमच्याकडचं खरबूज. दुपारी खिडकी उघडली की त्याचा पिकलेला, किंचित आंबूस वास आत येतो आणि मला कळतं की आखाजी आली. पंचांगात तिला अक्षय्य तृतीया म्हणतात, पण तसं म्हटलं की मला सोनारांच्या जाहिराती आठवतात. आमची आखाजी लेकींची. सासरी गेलेल्या पोरींनी माहेरी यायचं, लिंबाला दोर बांधून झोके घ्यायचे, आंबा खायचा, आणि आईजवळ सासूची निंदा मोकळ्या गळ्यानं करायची. भाऊ बहिणीला न्यायला येतो. तो आला नाही तर बाई वेशीपर्यंत चार खेपा घालते आणि विचारलं तर म्हणते, शेण टाकायला गेले होते.

याच दिवसांत नदी आटते आणि जुन्या नावा उघड्या पडतात. पावसाळ्यात त्या दिसत नाहीत, हिवाळ्यात त्यांच्याकडे कुणी बघत नाही. उन्हाळ्यात मात्र पाणी मागे सरलं की गाळातून एखादी काळी फळी वर येते, मग दुसरी, मग कळतं की ही फळी नसून अख्खी नाव आहे. राजघाटाच्या खालच्या अंगाला दरवर्षी अशी एक तरी दिसते. पोरं तिच्यावर उड्या मारतात. कुत्री तिच्या सावलीत झोपतात. ती कुणाची होती हे कुणी विचारत नाही.

माणसांचं काय होतं ते आपल्याला माहीत असतं. बैल म्हातारा झाला की त्याचं काय होतं तेही माहीत असतं, बोलत नाही एवढंच. नावेचं काय होतं? मी पाहिलंय ते सांगते. लोखंडी पत्र्याची असेल तर भंगारवाला हातोड्यानं चेपून टेंपोत घालून नेतो. लाकडाची असेल तर अर्धी म्हशींच्या पाण्याचं टाकं होते, अर्धी चुलीत जाते. एक नाव मी पालथी घालून कोंबड्यांचं खुराडं झालेली पाहिली आहे. कोंबड्या आत जाताना अगदी वाकून जायच्या. हायवेवरच्या एका ढाब्यानं एक नाव निळी रंगवून दाराशी ठेवली आहे, तिच्यात जास्वंद लावली आहे आणि मागे फोटो काढायला एक मोठं लाल हृदय उभं केलं आहे. लोक तिच्यात बसून वल्हं मारल्याचं नाटक करतात. मी तिथे जेवत नाही. डाळ चांगली असते म्हणतात.

पण आखाजी आली की माझ्या मनात यांतली कुठलीच नाव येत नाही. येते ती सुमनकाकूच्या केळीतली.

सुमनकाकू ही माझ्या धाकट्या काकांची, भास्करकाकांची बायको. त्यांची जमीन इच्छापूरच्या रस्त्यापासून आत, अगदी तापीच्या काठाला. मळीची, म्हणजे पुराच्या गाळाची, काळी, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशी. सगळी केळी. काही वर्षांपूर्वी भादव्यात मोठा पूर आला. दोन दिवस बाग पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर मी बुऱ्हाणपूरहून बघायला गेले, तेव्हा सगळी झाडं एकाच दिशेला आडवी पडली होती आणि त्या आडव्या खोडांवर, बागेच्या बरोबर मध्ये, एक नाव बसलेली होती. उताणी, सरळ, न कलंडता. कुणीतरी येऊन नीट लावून गेल्यासारखी.

आत गाळ होता आणि एक तुटका दोर. बाकी काही नव्हतं.

भास्करकाका गुडघाभर चिखलात उभे होते. केळी गेली होती, त्यामुळे ते हसत होते. फार नुकसान झालं की काका हसतात. म्हणाले, "घ्या, देवानं केळी नेली आन् लाकूड पाठवलं. एक्सचेंज ऑफर."

अर्ध्या नावेचं गुरांसाठी टाकं करायचं आणि उरलेली चुलीला, असा बेत ठरला. कुऱ्हाड आणायला माणूस गेलाही. तेवढ्यात काकू आली. ती नावेभोवती एक फेरी फिरली. मग वाकून तिनं आतल्या बाजूनं हात घातला आणि फळ्यांच्या सांध्यावरून बोट फिरवत राहिली. मला वाटलं, लाकूड कुठलं आहे ते बघते आहे. ती उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. पदर कमरेला खोचून ती काकांना म्हणाली, "हिले हात लावू नका."

"काहून?"

"आमच्या माहेरी पुरासंगं आलेली नाव पाहुनी असते. तिले कुऱ्हाड लावली का नदी पुढच्या साली सारं नेते."

काकूचं माहेर वर, देडतलाईच्या बाजूला, नदीकाठचं. त्यांचं शेत दोन्ही काठांना, त्यामुळे दारात नाव असायचीच. नदीच्या बाबतीत काकूचा शब्द आमच्याकडे अखेरचा. शिवाय भास्करकाका बायकोला जेवढे घाबरतात त्याहून जास्त नदीला घाबरतात, आणि इथे दोघींनी मिळून धमकी दिली होती. कुऱ्हाड परत गेली. गाळ काढायला ट्रॅक्टर आला तेव्हा काकूनं माणसांकडून नावेचं तोंड फिरवून घेतलं. नदी ज्या बाजूनं येते त्या बाजूला. पाहुणीचं तोंड माहेराकडे असावं म्हणे.

पुढे जे झालं ते फक्त आमच्याच माणसांत होऊ शकतं. पाहुणी म्हटल्यावर तिला रिकामं कसं ठेवायचं, म्हणून बागेत कामाला येणाऱ्या एका बाईनं तिच्या नाकाला हळदकुंकू लावलं. शेजारच्या मळ्यातली गाय अडली होती, ती त्याच दिवशी सुटली. गाईचा आणि नावेचा काय संबंध, असं मी विचारलं तर सगळ्यांनी माझ्याकडे मास्तरीण म्हणून बघितलं. दिवाळीपर्यंत शेंदूर आला. संक्रांतीला हिरव्या बांगड्या आल्या. कुणी खण आणला, कुणी पितळेची घंटा टांगली. काकूचा मुलगा पीयूष तेव्हा कॉलेजात होता, त्यानं पत्र्यावर रंगानं 'जय नावबाई माता' लिहून पाटी ठोकली आणि मला म्हणाला, "दीदी, लोकेशन टाकून देऊ का? पब्लिक येईल. आपलं पन देवस्थान बनून जाईल, क्या बोलती?"

मी म्हटलं, "आधी सेमिस्टरचे विषय सोडव."

आम्ही सगळे हसलो. काकू हसली नाही. तिनं नुसतं एक कारण सांगितलं होतं आणि लोकांनी त्याला नथ घातली. आता ती कुणाला काय सांगणार होती? बायका यायच्या, नावेपुढे पदर पसरायच्या, काकू त्यांना साखर-खोबरं द्यायची आणि त्या निघून गेल्या की बराच वेळ तिथेच उभी राहायची.

त्याच्या पुढच्या आखाजीला मी काकूकडे राहायला गेले. ती माहेरी गेली नव्हती. न्यायला कुणी आलंच नव्हतं. तिचा एकुलता एक भाऊ रमेश पावसाळ्याच्या तोंडाला घरातून निघून गेला होता. त्याला एका मुलीशी लग्न करायचं होतं आणि ती मुलगी बापाला चालणारी नव्हती. बाप म्हणाला, माझ्यासाठी मेलास. रमेश दुसऱ्या दिवशी पहाटे दारातली नाव घेऊन नदीनं गेला, तो परत आला नाही. त्याचा फोन लागत नव्हता. नंतर कुणीतरी येऊन सांगितलं, त्याला भुसावळच्या स्टेशनवर सुरतेच्या गाडीत चढताना पाहिलं. सांगणाऱ्याची नजर अधू होती आणि स्टेशनवर गर्दी होती, पण घरानं ते धरून ठेवलं. बापानं तर रोज संध्याकाळी काकांना फोन करून चौकशी करायचा परिपाठ ठेवला. "सुरतेहून काही कळलं?" असं विचारायचा, आणि नाही म्हटलं की, "माझ्यासाठी मेलाच आहे तो," असं म्हणून फोन ठेवायचा.

एवढं सगळं मला माहीत होतं. नावेचा आणि याचा संबंध मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हता.

त्या दुपारी वळीव आला. धूळ, मोठे थेंब, केळीच्या पानांवर ताडताड, आणि तासाभरात पुन्हा ऊन. मी चहा घेऊन काकूला शोधत बागेत गेले. नवी झाडं तोवर खांद्यापर्यंत आली होती. नाव पावसानं भरली होती आणि काकू आत उतरून तांब्यानं पाणी बाहेर टाकत होती. भराभर, दम न घेता. साडी मांडीपर्यंत भिजलेली. मला हसू आलं. म्हटलं, "काकू, जमिनीवरची नाव बुडते का?"

ती थांबली. माझ्याकडे तिनं असं पाहिलं की मी चहाचे कप खाली ठेवले. मग म्हणाली, "इकडे ये वं, नंदा."

मी कडेला टेकले. तिनं माझं बोट धरून दोन फळ्यांच्या फटीवर ठेवलं. नावेच्या सांध्यांत पाणी शिरू नये म्हणून चिंध्या ठासतात आणि वरून डांबर ओततात. एका ठिकाणचं डांबर निघालं होतं आणि आतून कापड दिसत होतं. हिरवं, आंबेकाठाचं.

"हे माझं पातळ आहे," काकू म्हणाली.

तिच्या माहेरची रीत अशी की उन्हाळ्यात पाणी कमी झालं की नावा वाळूवर काढून दुरुस्त करायच्या, आणि सांध्यांत ठासायचं कापड बहिणीच्या पातळाचं हवं. म्हणून आखाजीला माहेरी येताना लेक एक जुनं पातळ घेऊन येते. भाऊ ते फाडतो, ठासतो, आणि मग नावेत वर्षभर निर्धास्त बसतो. राखी बहीण भावाला बांधते ती मनगटावर. ही त्यांची दुसरी, पाण्याखालची. काकूनं ते हिरवं पातळ आदल्या आखाजीला स्वतः फाडून दिलं होतं.

मी म्हटलं, "मग रमेशमामा..."

"रम्या सुरतेले आहे," काकू ठाम म्हणाली.

"पण ही नाव..."

"ही मी पाह्यलीच नही. तू बी नही पाह्यली." तिनं फटीवर अंगठा दाबून ते कापड आत सारलं. "बाबाले कळलं का नाव रिकामी आली, तं तो उद्याच मुंडन करीन. आज तो मेला मेला म्हनते, ते रागानं म्हनते. मग खरंच म्हनीन. समजलं?"

समजलं. तिनं पुन्हा तांब्या उचलला. मीही आत उतरले आणि ओंजळीनं पाणी उपसू लागले. दुसरं काय करणार होते?

त्या दिवसापासून ती नाव माझ्याही मागे लागली. मी तशी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. पण वर्गात फळ्यावर लिहीत असताना बाहेर पाऊस लागला की खडू थांबायचा. वाटायचं, आता काकू तांब्या घेऊन निघाली असेल. एकदा भुसावळला गाडी बदलायची होती. समोरच्या फलाटावर सुरतेची गाडी उभी होती आणि मी खिडकीखिडकीतून तोंडं बघत चालले होते. रमेशला मी लग्नाकार्यात दोन-चारदा पाहिलेलं. चेहरासुद्धा नीट आठवत नव्हता. तरी बघत होते.

केळीच्या बागेत दुपारी कधी एकट्यानं उभं राहून बघा. वारा नसला तरी कुठलं तरी एक पान हलतं. वाळलेली पानं खोडावर घासतात आणि पलीकडच्या ओळीतून कुणी येतं आहे असा आवाज होतो. येत कुणीच नाही. त्या सगळ्या हिरव्या अंधारात ती शेंदरानं माखलेली नाव, नदी येते त्या बाजूला तोंड करून. घड कापून झाले आणि झाडं तोडली की ती उघडी पडायची, बुंध्याशी फुटलेली पिलं वाढली की पुन्हा झाकली जायची. मला ती प्रत्येक वेळी थोडी पुढे सरकल्यासारखी वाटायची. मी एकदा काकूला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "सरकू दे."

दर आखाजीला काकू एक जुनं पातळ घेऊन नावेत उतरायची. जिथे जिथे कापड कुजलं असेल तिथे नव्या चिंध्या ठासायची. बायकांना वाटायचं, देवीला लुगडं वाहते आहे. मग त्याही आपापली लुगडी आणू लागल्या. काहींनी तर चांगली नवी, घडीची आणली. एखादीचं मूल आजारी असायचं, एखादीचा नवरा परगावी. काकू सगळ्यांची लुगडी घ्यायची, फाडायची आणि सांध्यांत भरायची. त्या नावेत पाणी शिरायला सुईएवढी जागा उरली नसेल. एवढी पक्की नाव साऱ्या तापीवर नसेल, आणि ती उभी होती कोरड्यावर.

कधी कधी मला काकूचा राग यायचा. सरळ पोलिसांत जा, चौकशी कर, सुरतेला माणूस पाठव, असं मी तिला सांगितलं होतं. ती म्हणायची, "कशाले?" आणि मला ते पटायचं नाही. आता पटतं. चौकशीला उत्तर असतं. तिला उत्तर नको होतं. नाव खरी की स्टेशनवरचा माणूस खरा, या दोन गोष्टींच्या मध्ये जी चिंचोळी जागा होती तिच्यात तिचा भाऊ जिवंत होता, आणि ती जागा तिनं दर वर्षी स्वतःच्या हातानं बुजवून कोरडी ठेवली होती.

गेल्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही ओट्यावर मांडे करत होतो. म्हणजे काकू करत होती. पालथ्या खापरावर पुरणाचा मांडा टाकणं मला अजून जमत नाही, माझा फाटतो. दाराशी एक माणूस येऊन उभा राहिला. पाठीला बॅग, केस कपाळावरून मागे गेलेले. काकूनं वर पाहिलं. हातावर मांडा तसाच पसरलेला होता, तो खाली पडला.

ती उठली, त्याच्यापर्यंत गेली आणि तिनं त्याच्या थोबाडीत मारली. मग दुसऱ्या गालावर मारली. मग त्याला धरून अशी रडली की शेजारच्या दोघी-तिघी काय झालं म्हणून धावत आल्या. रमेशच्या दोन्ही गालांवर पिठाचे पंजे उमटले होते आणि तो म्हणत होता, "मार ताई, अजून मार."

तो सुरतेलाच होता. कापडाच्या गोदामात कामाला. लग्न केलं होतं, एक मुलगी होती. आधी घरचा वारा बघून येतो म्हणून एकटा आला होता. फोन का केला नाहीस, असं मी चिडूनच विचारलं. तर म्हणाला, "कोनाले करू? ताईजवळ फोन नव्हता. भाऊजींच्या मोबाइलवर करू तं भाऊजी आन् बाबा रोज बोलतेत. आज करीन उद्या करीन करता करता मले लाज वाटायले लागली." हे उत्तर इतकं साधं होतं की माझा रागच विझला. इतकी वर्षं एक बाई रोज मरत होती आणि हा लाजत होता.

काकूला तर काही सुचत नव्हतं. ती हसत होती, मध्येच डोळे पुसत होती. तिनं त्याला गरम मांडा दुधात कुस्करून लहान पोरासारखा भरवला. मग एकदम त्याचा हात धरून म्हणाली, "चाल, तुले गंमत दाखवते. तुझ्या नावेचं काय झालं ते पाह."

आम्ही तिघं बागेत गेलो. रमेशनं तो शेंदूर, त्या बांगड्या, ती घंटा, ती पाटी पाहिली आणि पोट धरून हसला. "अवो ताई, हे तं आपली नाव! हिले कोनी देव करून टाकलं?" काकूही हसत होती. इतक्या वर्षांत तिला त्या नावेजवळ हसताना मी प्रथमच पाहत होते. रमेशनं पुढे होऊन कडेवर हात ठेवला. मग त्याचं हसू हळूहळू कमी झालं.

"ताई, ही आठी, केळीत कशी आली?"

"पुरात आली. भादव्यात."

"कोन्या भादव्यात?"

"तू गेला त्याच साली."

तो खाली बसला. चिखल होता, तिथेच बसला. काकू म्हणाली, "काय झालं रे?"

त्यानं सांगितलं ते असं. त्या पहाटे तो नेपानगरच्या अलीकडे घाटावर उतरला. तिथून स्टेशन गाठायचं होतं. नाव कुठे ठेवायची हा प्रश्न होता. घाटावर एक माणूस गाठोडं घेऊन बसला होता, त्याच्याच वयाचा. मासे मारतो म्हणाला, या बाजूला नवा आहे म्हणाला. रमेशनं दोर त्याच्या हातात दिला. म्हणाला, घे, तुला ठेव, मला आता लागत नाही. त्या माणसाला आधी खरंच वाटेना. मग तो फार खूश झाला आणि त्यानं रमेशला गाठोड्यातली भाकर अर्धी तोडून दिली. रमेशनं ती गाडीत खाल्ली.

बागेत ठिबकच्या नळ्यांमधून पाणी टपकत होतं.

"पोहता येत होतं का त्याले?" काकूनं विचारलं.

"नही इचारलं."

"गाव कोनतं?"

"नही ठाऊक, ताई."

"बहीन होती का त्याले?"

रमेशनं मान हलवली. त्याला माहीत नव्हतं. काकू नावेच्या कडेला टेकली आणि माझ्याकडे बघत बोलू लागली, कारण भावाकडे बघून तिला बोलता येत नव्हतं.

"नंदा, मी रोज म्हनत होती, देवा, हिच्यात माझा भाऊ नसू दे. कोनी दुसरा असू दे, असं मी म्हनली नही. पन मागनं तेच झालं ना वं? आन् आज तो आला तं मी हासली. आठी उभी राहून हासली." तिनं तोंडावर पदर धरला. "त्याची बहीन कोनत्या स्टेशनावर पाहून राहिली असीन?"

मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण मी हललेच नाही. तिच्या त्या प्रश्नाची मला भीती वाटली. खरं सांगते, फार भीती वाटली. कुणाला तरी नाव मिळाली म्हणून आनंद झाला होता, आणि तो आनंद नदीनं किती थोडे दिवस ठेवला. इतकी वर्षं आम्ही ज्यानं नावेत नसावं म्हणून प्रार्थना केली, तो नावेत होताच. फक्त आपला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आखाजी. सकाळी आमच्याकडे घागरी भरतात. घरातल्या गेलेल्या माणसांसाठी एकेक कोरी मातीची घागर मांडायची, एकेकाचं नाव घेऊन ती पाण्यानं भरायची, वर डांगर आणि आंबे ठेवायचे. वैशाखात त्यांना तहान लागते. ते झाल्याखेरीज घरात आंबा कुणी खात नाही. भास्करकाका पाटावर बसून नावं घेत होते, आपल्या आईचं, वडिलांचं, आजोबांचं, आणि काकू कळशीतून पाणी घालत होती. रमेश समोर भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या बापाला फोन झाला होता. म्हातारा दुपारच्या बसनं येणार होता.

शेवटची घागर भरून झाली तेव्हा काकू आत गेली आणि आणखी एक कोरी घागर घेऊन आली. ती तिनं रांगेत, सासूसासऱ्यांच्या शेजारी मांडली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग रमेशकडे. रात्री त्यांनाही सगळं कळलं होतं. ते हळूच म्हणाले, "सुमन, घागर भरायले मी नही म्हनत नही. पन नाव घ्यावं लागते. बिना नावाचं पानी कोनाले पोचीन? तुले नाव ठाऊक आहे का त्याचं?"

काकूनं कळशी काखेत नीट घेतली. उघड्या दारातून बाग दिसत होती. तिकडे बघत ती म्हणाली, "नाव काहून नही? ते काय, केळीत पडेल आहे."

कुणी हसलं नाही. काकांनी हात जोडले. काकूनं पाणी घालायला सुरुवात केली आणि घागर काठोकाठ भरेपर्यंत ती थांबली नाही.